साथीचा फ्लू, न्यूमोनिया आणि आपला वनप्रदेश

२००९ सालचा ऑगस्ट महिना पुण्यातील लोकांच्या स्मरणात अजून ताजा असेल. ३ ऑगस्ट रोजी तेथे एका शाळकरी मुलीचा 'स्वाइन फ्लू'ने मृत्यू झाला. भारतातील हा या आजाराचा पहिला बळी होता. पाहता पाहता शाळा व चित्रपटगृहे बंद झाली, नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या आणि रस्त्यावरील प्रत्येक चेहरा मास्कआड गेला. त्याच दिवसांत आपल्या मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी भागातील बांध्यांमध्ये धानाची रोवणी चालू होती. स्वाइन फ्लू हा मोठ्या शहरांचा, विमानाने प्रवास करणाऱ्यांचा आजार आहे, जंगलात तो कशाला येईल, अशीच तेव्हा बहुतेकांची समजूत होती.

ही समजूत कितपत खरी होती? आणि पुन्हा अशी साथ आली, तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात कोणाच्या जिवाला सर्वांत अधिक धोका राहील? साथ डोक्यावर असताना अशा प्रश्नांचा शांतपणे विचार करता येत नाही, हे कोविडच्या काळात आपण सर्वांनी अनुभवले आहे. म्हणून साथ नसतानाच त्यांचा ऊहापोह केलेला बरा.

फ्लू मारतो तो न्यूमोनियाच्या रूपाने

जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी एच१एन१ फ्लूची जागतिक साथ जाहीर केली आणि १० ऑगस्ट २०१० रोजी ती संपल्याचे सांगितले. साथ संपली, पण विषाणू गेला नाही. तो दरवर्षी येणाऱ्या फ्लूच्या विषाणूंपैकी एक होऊन आपल्यातच राहिला. शासकीय नोंदींनुसार भारतात २००९ साली या आजाराचे ९८१ व २०१० साली १,७६३ मृत्यू झाले. पुढे २०१५ साली ४२,५९२ रुग्ण व २,९९० मृत्यू नोंदले गेले, म्हणजे मूळ साथीच्या दोन्ही वर्षांपेक्षा अधिक. २०१७ साली एकट्या महाराष्ट्रात ६,१४४ रुग्ण आणि ७७८ मृत्यू होते.

या आकड्यांवरून दर आठ रुग्णांपैकी एक दगावतो असा निष्कर्ष मात्र काढू नये. तपासणी मुख्यत्वे गंभीर रुग्णांची होते. फ्लू झालेल्या बहुसंख्य लोकांना चार-पाच दिवस ताप, खोकला, घसादुखी व अंगदुखी होऊन आपोआप बरे वाटते. थोड्यांच्या बाबतीत मात्र आजार घशातून खाली उतरतो आणि फुप्फुसांना सूज येते. फुप्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्या पाण्याने वा पुवाने भरतात आणि रक्ताला प्राणवायू मिळेनासा होतो. हाच न्यूमोनिया. फ्लूने माणूस मरतो तेव्हा बहुधा तो याच वाटेने जातो.

हा न्यूमोनिया दोन प्रकारे होतो. कधी विषाणू स्वतःच फुप्फुसात शिरतो. अशा वेळी तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशीच धाप लागते व प्रकृती झपाट्याने ढासळते. कधी विषाणू श्वासनलिकेचे आतले अस्तर खरवडून ठेवतो आणि त्या उघड्या जखमेतून जंतू आत शिरतात. अशा वेळी ताप उतरतो, रुग्ण उठून बसतो, घरच्यांना हायसे वाटते आणि दोन-तीन दिवसांनी थंडी वाजून ताप पुन्हा चढतो. २००९ साली अमेरिकेत मृत्यू पावलेल्या ७७ रुग्णांच्या फुप्फुसांची तपासणी झाली, तेव्हा त्यांतील २२ जणांत विषाणूबरोबर जंतूही सापडले. १९१८ च्या महासाथीत तर बहुतेक मृत्यू जंतूंच्या न्यूमोनियानेच झाले, असे नंतरच्या संशोधनातून पुढे आले. त्या वेळी प्रतिजैविके नव्हती, आज आहेत. त्यामुळे यांतले पुष्कळसे मृत्यू आज टाळता येण्यासारखे आहेत.

१९१८ ची आठवण

१९१८ च्या महासाथीचा उल्लेख निघाला, की आपले लक्ष मुंबईकडे जाते. परंतु आपला प्रदेश तेव्हा 'चांदा जिल्हा' या नावाने ज्या मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत होता, तो प्रांत देशातील सर्वाधिक हानी सोसलेल्या प्रांतांपैकी एक होता. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते आणि अर्धपोटी माणसांवर साथ कोसळली. भारतात सव्वा कोटी ते पावणेदोन कोटी माणसे दगावली असावीत, असे अभ्यासकांचे निरनिराळे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली, ती मुख्यतः या एका साथीमुळे.

त्या साथीचे दोन विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. ती वृद्धांपेक्षा वीस ते चाळीस वयोगटातील कर्त्या माणसांवर अधिक तुटून पडली, आणि भारतात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या. घरात शेवटी जेवणारी तीच आणि आजाऱ्याची शुश्रूषा करणारीही तीच, हे त्यामागचे एक कारण अभ्यासकांनी सुचविले आहे. एक शतक उलटले तरी आपल्या किती घरांत हे चित्र बदलले आहे?

२००९ साली पुन्हा तरुण व मध्यमवयीन माणसेच गंभीर आजारी पडली. एच१एन१ जातीचे विषाणू १९१८ पासून १९५७ पर्यंत जगात फिरत होते, त्यामुळे त्या काळात वाढलेल्या वृद्धांच्या शरीरात जुन्या ओळखीची काहीशी ढाल शिल्लक होती. तरुणांना ती नव्हती.

जगाने केलेली यादी

फ्लू झालेल्या प्रौढांपैकी कोणाला न्यूमोनिया होतो, याचा २००९ नंतर अनेक देशांत अभ्यास झाला. त्यातून जी यादी तयार झाली ती सर्वत्र जवळपास सारखीच आहे. दमा व फुप्फुसांचे जुनाट विकार, हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंड व यकृताचे आजार, कर्करोग, एचआयव्ही, प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे आणि धूम्रपान ही त्यातील ठळक नावे. अतिस्थूलता हा स्वतंत्र धोका आहे, हे प्रथमच २००९ साली स्पष्टपणे लक्षात आले.

गरोदर स्त्रियांचा उल्लेख वेगळा करावा लागेल. अमेरिकेत लोकसंख्येच्या सुमारे एक टक्का असलेल्या गरोदर स्त्रियांचा वाटा त्या साथीतील मृत्यूंमध्ये सुमारे पाच टक्के होता. ज्यांना लक्षणे दिसल्यापासून दोन दिवसांच्या आत औषध मिळाले, त्यांच्या तुलनेत चार दिवसांनंतर औषध मिळालेल्यांना अतिदक्षता विभागात जावे लागण्याचे प्रमाण सहापट होते. स्त्री तीच, आजारही तोच, फरक केवळ दोन-चार दिवसांचा. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्याच्याशी निगडित आहे.

आपल्या प्रदेशाची यादी

जगाची ही यादी खरी आहे, आणि मधुमेह व रक्तदाब आता आपल्या खेड्यांतही शिरले आहेत. तरीही कोरची, धानोरा, एटापल्ली, जिवती अशा तालुक्यांत ही यादी जशीच्या तशी लावली, तर धोक्यातील पुष्कळ माणसे तिच्या बाहेर राहतील. त्यासाठी आपल्याला स्वतःची भर घालावी लागेल.

पहिली भर धुराची व धुळीची. खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात वीस-तीस वर्षे चुलीपुढे बसलेल्या बाईचे फुप्फुस बिडी ओढणाऱ्या पुरुषाइतकेच काळवंडलेले असू शकते. तिला कोणी 'धूम्रपान करणारी' म्हणत नाही, म्हणून यादीत ती येत नाही. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने पुष्कळ घरांत गॅस पोचला हे खरे, परंतु सिलिंडर पुन्हा भरण्यास पैसे लागतात आणि सरपण जंगलातून येते. चंद्रपूर, घुग्घूस, राजुरा, कोरपना या पट्ट्यात त्यात कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र आणि सिमेंट कारखान्यांच्या धुळीची भर पडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली, म्हणजे साथीच्याच वर्षी, देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी क्रमवारी जाहीर केली, तीत चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. ज्याला वर्षानुवर्षे खोकला आहे, त्याच्या फुप्फुसात नव्या आजाराला तोंड देण्याची ताकद आधीच कमी असते.

दुसरी भर सिकलसेलची, आणि आपल्या भागापुरती ती सर्वांत महत्त्वाची आहे. या आनुवंशिक विकारात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पूर्व विदर्भातील आदिवासी व अन्य अनेक समाजांत हा विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाची प्लीहा बालपणीच निकामी होत जाते. न्यूमोनियाच्या जंतूंना रक्तातून गाळून काढण्याचे काम प्लीहेचे असल्यामुळे हा रुग्ण त्या जंतूंपुढे निःशस्त्र असतो. शिवाय फ्लूचा ताप आला की छातीतील रक्तवाहिन्यांतच पेशी अडकून छातीत तीव्र वेदना व धाप लागण्याचा प्राणघातक प्रसंग ओढवू शकतो. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आईवडिलांपैकी एकाकडूनच हा गुण आलेल्या 'वाहक' व्यक्तीला असा धोका नसतो, तो दोघांकडूनही आलेल्या रुग्णाला असतो. म्हणून आपण वाहक की रुग्ण, हे प्रत्येकाला माहीत असले पाहिजे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. या तपासणीचा लाभ आपल्या लोकांनी संकोच न बाळगता घ्यावा. लग्न जुळणार नाही या भीतीने कार्ड पेटीत दडवून ठेवणारी घरे आहेत. तापाच्या वेळी तेच कार्ड डॉक्टरांपुढे ठेवले, तर प्राण वाचू शकतो.

तिसरी भर कृश देहाची. जगाला २००९ साली स्थूलतेची चिंता वाटली, आपल्याकडे चिंता हाडे दिसणाऱ्या शरीराची आहे. रक्तक्षय असलेली, वजनाने कमी आणि त्यात गरोदर असलेली स्त्री ही दुहेरी धोक्यात असते. याच्या जोडीला क्षयरोगातून बरी झालेली माणसे येतात. औषधांचा कोर्स पूर्ण झाला तरी फुप्फुसावरील व्रण राहतोच.

वाया जाणारे दिवस

परंतु समजा, धूर नाही, सिकलसेल नाही, अंगावर पुरेसे मांसही आहे. तरीही एक धोका शिल्लक राहतो, आणि माझ्या मते या प्रदेशात तोच सर्वांत मोठा आहे. तो म्हणजे ताप येणे आणि योग्य उपचार मिळणे यांमधील दिवस.

हे दिवस कसे वाया जातात ते पाहावे. गडचिरोली हा महाराष्ट्रातील सर्वाधिक हिवतापाचा जिल्हा. येथे ताप म्हणजे मलेरिया, हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले आहे, आणि ते चुकीचेही नाही. परंतु रक्ततपासणीत मलेरिया नाही असे कळले, की "काही नाही, साधा ताप आहे" असे म्हणून माणूस घरी परततो. खोकला व धाप यांकडे कोणी पाहत नाही. एक दिवस असा जातो.

मग गावात येणाऱ्या एखाद्या अप्रशिक्षित 'डॉक्टर'कडून सुई व सलाईन घेतले जाते. त्या सुईत अनेकदा स्टेरॉईड असते. त्याने ताप उतरतो, अंगात तरतरी येते, न्यूमोनिया मात्र आत वाढतच राहतो. फ्लूच्या न्यूमोनियात डॉक्टरी कारणाशिवाय दिलेले स्टेरॉईड हानिकारक ठरते, असे साथीनंतरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. आणखी दोन दिवस गेले. काही जण आधी पुजाऱ्याकडे जातात. त्यांना हिणवण्यात अर्थ नाही. पुजारी हाकेच्या अंतरावर असतो, दवाखाना नसतो.

शेवटी अंतर. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, विशेषतः जुलै ते सप्टेंबर, आणि पुन्हा हिवाळ्याच्या अखेरीस. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी वर्षानुवर्षे आपण वाचत आलो आहोत ती याच महिन्यांत. रोवणीचे दिवसही हेच. एक दिवस अंथरुणावर म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली, या विचाराने तापातही बाई चिखलात उभी राहते. हिवाळ्याच्या साथीच्या वेळी हेच मजूर तेलंगणात मिरची तोडण्यासाठी गेलेले असतात. एका खोपटात दहा-दहा जण दाटीवाटीने झोपतात आणि परमुलखात दवाखाना कोठे आहे हेही माहीत नसते.

अशा रीतीने पाच-सहा दिवसांनी रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोचतो आणि दगावतो. नोंद होते 'तापाने मृत्यू'. २००९ साली साथीच्या आरंभी नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे पाठवावे लागत होते. दूरच्या पाड्यावर मेलेल्या माणसाचा नमुना तेथवर कसा जाणार? म्हणून आपल्या भागातील कमी आकड्यांवरून येथे आजार नव्हता असे समजणे धाडसाचे ठरेल. ज्याची तपासणीच होत नाही, तो मोजला जात नाही.

गडचिरोलीनेच जगाला शिकविलेला धडा

हे सारे वाचून निराश होण्याचे कारण नाही. न्यूमोनियाचे मृत्यू खेड्यातच कसे रोखावेत, याचा जगन्मान्य धडा आपल्याच गडचिरोलीने दिलेला आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ च्या सुमारास ५८ गावांत बालकांच्या न्यूमोनियावर एक प्रयोग आरंभिला. गावातीलच आरोग्यसेवक आणि दाया यांना प्रशिक्षण देण्यात आले. मुलाचा श्वास मिनिटाला किती वेळा होतो ते मोजायचे आणि तो वेगवान असेल तर तेथल्या तेथे गोळ्या सुरू करायच्या, एवढीच ती पद्धत होती. निरक्षर दायांना आकडे येत नसत, म्हणून त्यांच्यासाठी मणी व वाळूचे घड्याळ असलेले साधे श्वासमापक तयार केले गेले. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५ होते, प्रयोगाच्या गावांत ८.१.

या प्रयोगात ना एक्स-रे यंत्र होते, ना अतिदक्षता विभाग. मधले वाया जाणारे दिवस तेवढे काढून टाकले गेले. तो प्रयोग लहान मुलांसाठी होता आणि प्रौढांचे निकष व औषधे वेगळी आहेत हे खरे. तरीही त्यातील तत्त्व प्रौढांनाही लागू पडते. तापाबरोबर श्वासाकडे पाहा, आणि दवाखाना दूर असेल तर निर्णय लवकर घ्या.

आपण काय करू शकतो?

आपल्या धर्मग्रामांनी पुढील गोष्टींचा गांभीर्याने विचार करावा.

पहिली, श्वास मोजायला शिकणे. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा होतो. ताप-खोकल्याच्या रुग्णात तो वाढत चालला असेल तर सावध व्हावे. तो ३० च्या आसपास गेला, बोलताना वाक्य पुरे होईनासे झाले, छातीत दुखू लागले, थुंकीतून रक्त आले, ओठ निळसर पडले किंवा माणूस गुंगीत असंबद्ध बोलू लागला, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. कोविडच्या काळात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर गावोगावी आले होते. ते कपाटातून काढून सुरू आहेत का ते पाहावे. आकडा ९४ च्या खाली गेला तर थांबू नये. आणि उतरलेला ताप पुन्हा चढला, तर तो नवा आजार समजून दवाखान्यात जावे.

दुसरी, चाचणीची वाट न पाहणे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००९ च्या साथीत रुग्णांची जी वर्गवारी केली, तीनुसार गरोदर स्त्रिया, वृद्ध, मधुमेही, फुप्फुस व हृदयाचे रुग्ण आणि रक्तविकार असलेल्यांना तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता ऑसेल्टामिवीर हे औषध सुरू करावयाचे होते. हे औषध पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक गुणकारी ठरते. सिकलसेल हा रक्तविकारच आहे, ही गोष्ट रुग्णाने डॉक्टरांना स्वतः सांगितली पाहिजे.

तिसरी, लस. २०१५ पासून महाराष्ट्र शासनाने गरोदर स्त्रिया तसेच मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांसाठी फ्लूची मोफत लस देण्याचे धोरण स्वीकारले. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती पावसाळ्यापूर्वी येते का, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे आणि तो वापरला पाहिजे. सिकलसेलच्या रुग्णांनी न्यूमोनियाच्या लसीविषयीही डॉक्टरांशी बोलावे.

चौथी, पावसाळ्यापूर्वीची यादी. कोणत्या वस्तीत कोण गरोदर आहे, कोणाला सिकलसेल आहे, कोणाचा क्षयरोग बरा झाला आहे, हे आशाताईंना ठाऊक असते आणि आपल्या धर्मभगिनींच्या छोट्या दवाखान्यांनाही. नदी फुगण्याआधी ही यादी आणि गाडीची सोय ठरलेली असावी. यात ख्रिस्ती व अख्रिस्ती असा भेद करण्याचा प्रश्नच येत नाही.

पाचवी, अगदी साधी. ज्याला ताप-खोकला आहे त्याने रविवारी घरी राहावे. आजारी माणसाला रविवारच्या मिस्सेचे बंधन नसते, आणि शेजारी बसलेल्या गरोदर बाईला आजार न देणे ही देखील शेजारधर्माची सेवाच आहे. रोवणीच्या दिवसांत तापलेल्या मजुराला मालकाने एक-दोन दिवसांची भरपगारी सुट्टी द्यावी. आपल्यात शेतमालकही आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

येशूने सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण अनेकदा ऐकतो व त्याच्या दयाळूपणावर प्रवचने देतो. दाखल्यातील तपशील मात्र सहसा कोणी पाहत नाही. त्याने वाटेतच जखमा बांधल्या, माणसाला स्वतःच्या जनावरावर बसविले, उतारशाळेपर्यंत नेले आणि पुढच्या खर्चाचे पैसेही देऊन ठेवले. प्रथमोपचार, वाहन, पोचविणे आणि खर्च, या चारही गोष्टी त्यात आहेत. आपल्या वनप्रदेशातील न्यूमोनियाच्या रुग्णाला नेमक्या याच चार गोष्टी हव्या असतात. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक धर्मग्राम मंडळाने एका बैठकीत या चार गोष्टींचा हिशेब मांडावा, एवढीच विनंती आहे.